घरमालक दुबळा, भाडेकरू बलाढ्य

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते आणि गावाबाहेर टिळकनगर उभे राहिले होते, एवढे फैजपूरच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. त्या अधिवेशनाने संमत केलेला शेतीविषयक कार्यक्रम मात्र तितकासा कोणाच्या स्मरणात नाही. कुळाला जमिनीवर स्थैर्य मिळावे, खंड कमी व्हावा, थकलेल्या खंडापायी त्याला जमिनीवरून हुसकावले जाऊ नये, अशा त्यातील मागण्या होत्या. त्यांच्यामागचे सूत्र साधे होते. जमीन देणारा आणि जमीन घेणारा कागदावर बरोबरीचे दिसतात, प्रत्यक्षात ते तसे नसतात. आणि जेथे बळ असमान असते तेथे कायद्याने दुबळ्याच्या पाठीशी उभे राहायचे असते. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन याच सूत्रावर उभे आहेत.

आज त्याच फैजपुरात, तसेच सावदा, यावल, रावेरच्या पट्ट्यात, भाडेपट्ट्याचा एक नवा प्रकार रुळला आहे आणि त्यात ही जोडी उलटी झाली आहे. मोबाइल टॉवरसाठी घराची गच्ची किंवा शेताचा कोपरा देणारा मालक बहुधा एखादा शिक्षक, पतसंस्थेतील कारकून, छोटा दुकानदार किंवा दोन-चार एकरांचा केळी उत्पादक असतो. भाडेकरू असते ती देशभर हजारो टॉवर बाळगणारी, महानगरांत कचेऱ्या असलेली आणि वकिलांची फौज पदरी ठेवणारी कंपनी. सातबाऱ्यावर अथवा नगरपरिषदेच्या नोंदवहीत नाव मालकाचे आहे. करारातील कलमे मात्र भाडेकरूने लिहिलेली आहेत. गेल्या तीन दशकांत मोबाइल व्यवसायात जी उलथापालथ झाली, तिचे ओझे या विषम करारांच्या वाटेने कोणाच्या खांद्यावर उतरते, याचा विचार आता व्हावयास हवा.

नाव बदलते, टॉवर तोच

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि देशात या व्यवसायाचा आरंभ झाला. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठोक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. व्यवसायाला उभारी आली आणि पुढील काही वर्षांत टॉवर तालुक्यांच्या गावांपर्यंत, मग खेड्यापाड्यांपर्यंत पोचले. मुंबई वगळता उरलेल्या महाराष्ट्रात आरंभी बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी यांची नावे लोकांना परिचित होती. बीपीएलचे पुढे हच झाले, २००७ मध्ये हचचे व्होडाफोन झाले. बिर्ला समूहाची कंपनी २००२ मध्ये आयडिया या नावाने वावरू लागली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एकमेकींत विलीन झाल्या. एके काळी शेजारशेजारच्या दोन गच्च्यांवरून परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्या एकाच घरात नांदू लागल्या.

टॉवरची मालकीही याच काळात सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून निराळ्या टॉवर कंपन्यांकडे गेली. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स स्थापन केली. नोव्हेंबर २०२० मध्ये ती आणि भारती इन्फ्राटेल एक झाल्या. अमेरिकन टॉवर कॉर्पोरेशनने येथे घेतलेला व्यवसाय सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रुकफिल्ड समूहाच्या हाती गेला. या सर्व व्यवहारांत गच्चीच्या मालकाला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याची आवश्यकताही नव्हती. कारण करारातील हक्क दुसऱ्याकडे सोपविण्याची मुभा भाडेकरूने कलमांत आधीच राखून ठेवलेली असते. ज्या कंपनीला जागा दिली ती कोणती आणि आज भाडे देणारी कोणती, हे मालकाला पुष्कळदा बँकेच्या पासबुकातील नोंदीवरूनच कळते.

यातील आर्थिक रचना समजून घेतली पाहिजे. मालकाचा करार टॉवर कंपनीशी असतो आणि टॉवर कंपनीचा करार सेवा देणाऱ्या मोबाइल कंपन्यांशी. एका टॉवरवर एकाऐवजी तीन कंपन्यांची यंत्रे बसली, तर टॉवर कंपनीचे उत्पन्न वाढते. मालकाचे भाडे मात्र ठरलेल्या मुदतीने ठरलेल्या टक्क्यांनीच वाढते. उलट विलीनीकरणामुळे दोन गिऱ्हाइकांचे एक झाले किंवा एखादे गिऱ्हाईक बुडाले, की ती घट पत्ररूपाने मालकाच्या दारी येते: भाडे कमी करण्यास संमती द्या, अन्यथा टॉवर हलविण्याचा विचार करावा लागेल. वाढीत वाटा नाही आणि घटीत मात्र भागीदारी, असा हा व्यवहार आहे. त्यावर आणखी एक कलम असते. कंपनी थोड्या दिवसांची नोटीस देऊन करार संपवू शकते. मालक दहा, पंधरा किंवा वीस वर्षे बांधलेला राहतो. बळी तो कान पिळी, ही म्हण अशा करारांना तंतोतंत लागू पडते.

कंपनी बुडते, टॉवर उभाच

व्यवसाय वाढत होता तोवर या विषमतेची झळ जाणवली नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हा पहिला धक्का बसला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सेवा सुरू केली आणि दरयुद्ध पेटले. डिसेंबर २०१७ पासून रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल संभाषणाची सेवा बंद केली. २०१८ च्या आरंभी एअरसेलने दिवाळखोरीचा अर्ज केला. टाटांनी आपला मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे सोपविला. एकेका मुलखात जेथे दहा-दहा कंपन्या झुंजत होत्या, तेथे आज तीन खाजगी कंपन्या आणि सरकारी भारत संचार निगम एवढेच उरले आहेत. जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर या टॉवर कंपनीने २०१० मध्ये एअरसेलचे साडेसतरा हजार टॉवर सुमारे ८,४०० कोटी रुपयांना घेण्याचा व्यवहार जाहीर केला होता. आठ वर्षांनी त्या टॉवरांचे मुख्य गिऱ्हाईकच नाहीसे झाले. रिकाम्या टॉवरचे ओझे काय असते, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

अशा वेळी जागामालकाची अवस्था विलक्षण होते. भाडे थांबलेले असते, पण टॉवर उभाच असतो. तो त्याचा नसल्यामुळे त्याला तो विकता येत नाही आणि स्वतःहून उतरवला तर फौजदारी तक्रारीची भीती. जागा मोकळी नसल्यामुळे वरचा मजला बांधता येत नाही, की घर विकायचे तर गिऱ्हाईक मिळत नाही. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली असेल तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम १४ आडवे येते: कंपनीच्या ताब्यातील जागा मालकाला त्या काळात परत घेता येत नाही. थकलेल्या भाड्यासाठी ठरलेल्या मुदतीत दावा दाखल करावा लागतो. त्याची जाहीर सूचना मुख्यतः कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय असलेल्या शहरातील वृत्तपत्रांत येते. यावल तालुक्यातील मालकाच्या दृष्टीस ती पडेल, याची शाश्वती कोणी द्यावी? दावा दाखल झाला तरी निर्णय प्रामुख्याने बँकांसारख्या वित्तीय धनकोंच्या समितीच्या हाती असतो. भाड्याचा धनको रांगेत मागे उभा असतो.

जळगाव जिल्ह्याला हा अनुभव निराळ्या रूपाने परिचित आहे. पतसंस्थांत ठेवी अडकलेल्या निवृत्त शिक्षकांनी आणि कारकुनांनी आयुष्याच्या उत्तरार्धात किती कचेऱ्यांचे उंबरे झिजविले, हे येथे कोणास सांगावयास नको. टॉवरचे भाडेही बहुधा याच वर्गाच्या घरात येते. धाब्याचे घर पाडून स्लॅबचे घर बांधावे, त्यासाठी कर्ज काढावे आणि हप्ता टॉवरच्या भाड्यातून भागवावा, हा हिशेब अनेकांनी मनाशी मांडलेला असतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झाल्यामुळे ज्यांना जुन्या निवृत्तिवेतनाची हमी राहिली नाही, त्यांना तर हे भाडे म्हातारपणाची काठी वाटते. ती काठी भाडेकरूच्या मर्जीवर टेकलेली आहे, हे लक्षात येईपर्यंत कर्जाचे निम्मे हप्ते शिल्लक असतात.

याउलट मोठ्या धनकोचे काय होते, तेही पाहावे. व्होडाफोन आयडियाकडील सरकारी देणे इतके साचले, की २०२३ आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यातील काही रकमेच्या बदल्यात कंपनीचे समभाग घेतले. सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या जवळ पोचला. सरकारने ही सोय केली ती स्पर्धा टिकावी आणि कोट्यवधी ग्राहकांची सेवा बंद पडू नये म्हणून, आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु सरकारला थकबाकीच्या बदल्यात समभाग मिळू शकतात, बँकांना समितीत मत मिळते. ज्याच्या गच्चीवर ही सारी सेवा उभी आहे, त्याला मिळते ती फक्त तारीख.

कायदा काय म्हणतो

कायद्याने या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरवली आहे, असे नाही. १६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात टॉवरवर मालमत्ता कर आकारण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. हा कर कोणी भरावयाचा, हे करारात स्पष्ट नसेल तर नोटीस मालकाच्या दारी येण्याचा धोका होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम १४ ने, जागेवर उभारलेली दूरसंचार यंत्रणा ही त्या जागेचा भाग मानली जाणार नाही आणि जागेवरील मालमत्ता कराच्या हिशेबात ती धरली जाणार नाही, असे सांगितले. हे कलम २६ जून २०२४ पासून अमलात आहे. मालकाच्या दृष्टीने हा दिलासा आहे.

तथापि याच कायद्याची दुसरी बाजू ध्यानात घेतली पाहिजे. जागेवर कर्ज असो, जप्ती असो वा वाद असो, त्याची झळ टॉवरला लागणार नाही, असे तोच कायदा म्हणतो. म्हणजे जागेच्या संकटापासून टॉवर सुरक्षित झाला. टॉवरच्या संकटापासून जागा सुरक्षित करणारे तितकेच ठाम कलम मात्र त्यात सापडत नाही. शिवाय मालकाने जागा देण्यास नकार दिला आणि केंद्र सरकारला ती सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटली, तर मार्गाधिकार संपादन करण्याची तरतूदही कायद्यात आहे. तिचा वापर विरळा होईल, असे मानले तरी वाटाघाटीच्या वेळी तिची सावली मालकावर पडणारच. २० नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका कर-प्रकरणात, टॉवर उतरवून दुसरीकडे नेता येतात म्हणून ते जंगम वस्तू ठरतात, असा निर्णय दिला. प्रश्न तेथे कराच्या वजावटीचा होता. पण टॉवर जर उचलून नेण्याजोगी वस्तू आहे, तर करार संपल्यावर तो ठरल्या दिवसांत उचलून नेण्याचे बंधन भाडेकरूवर का असू नये, असा प्रश्न सामान्य माणसाने विचारला तर तो गैर ठरणार नाही.

इंग्लंडचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे डिसेंबर २०१७ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेने टॉवरच्या जागेचे भाडे ठरविताना, दूरसंचारासाठी त्या जागेला जे विशेष मोल येते ते हिशेबातून वगळावयाचे ठरविले. हेतू चांगला होता: भाडे कमी झाले की जाळे लवकर पसरेल. प्रत्यक्षात शेतकरी, चर्च आणि गावोगावचे क्रीडा क्लब यांच्या उत्पन्नाला कात्री लागली, वाद न्यायाधिकरणात गेले आणि ज्यांच्या सहकार्याने जाळे पसरावयाचे तेच जागा देण्यास कचरू लागले, अशी तक्रार जागामालकांच्या संघटनांनी केली. दुबळ्या पक्षाला दाबून उभारलेली सोय फार काळ स्वस्त राहत नाही, एवढा बोध त्यातून घेता येईल.

दुसरी बाजू

कंपन्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. संभाषण आणि इंटरनेट या देशात स्वस्त आहेत ते टॉवर वाटून वापरण्याच्या पद्धतीमुळे. फैजपूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला घरबसल्या व्याख्यान ऐकता येते, शेतकऱ्याला बांधावर उभे राहून केळीचा दर कळतो, हे या यंत्रणेचेच फळ आहे. काही मालकही हातघाईवर येतात; मुदत संपण्यापूर्वीच भाडे वाढवून मागतात, वीज तोडतात, जिन्याला कुलूप घालतात आणि त्यापायी साऱ्या गल्लीची सेवा बंद पडते. किरणोत्साराच्या भीतीचा वापर भाडे वाढविण्यासाठी झाल्याचेही ऐकू येते. वस्तुतः १ सप्टेंबर २०१२ पासून भारतातील मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशींच्या एक-दशांश एवढी कडक केलेली आहे. तंत्र बदलले की काही जागा निकामी ठरणार, हेही अटळ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ५-जी सेवेसाठी जवळजवळ बसविलेली लहान यंत्रे लागतात आणि ती रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांवर बसविण्यास नियमांनी मुभा दिली आहे. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला उपग्रहाद्वारे सेवा देण्याचा परवाना मिळाला. उद्या गच्चीची गरज आजच्याइतकी राहील, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही.

हे सर्व मान्य करूनही मूळ मुद्दा उरतोच. धंद्यातील जोखीम धंदा करणाऱ्याने घ्यावयाची असते. तंत्र बदलणार, कंपन्या विलीन होणार, हे कंपनीला ठाऊक असते आणि म्हणूनच तिने स्वतःसाठी सुटकेचे कलम लिहून ठेवलेले असते. मालकाला ते ठाऊक नसते. त्याच्या समोर वीस-पंचवीस पानांचा इंग्रजी करारनामा येतो, खुणा केलेल्या जागी तो सह्या करतो आणि पहिल्या महिन्याचे भाडे जमा झाले की कागद कपाटात जातो.

काय करता येईल

पहिली गोष्ट मालकाच्याच हातची आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असलाच पाहिजे, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीचा करार असेल तर तो नोंदविण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावरच टाकली आहे. मुद्रांकाचे चार पैसे वाचविण्यासाठी नोंदणी टाळणारा मालक पुढे न्यायालयात आपल्याच कराराची कलमे सिद्ध करू शकत नाही. करार मराठीत समजावून घ्यावा, त्याची स्वाक्षरी केलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी, विजेचा मीटर कंपनीच्या नावावर असावा, आणि या भाड्याच्या भरवशावर दीर्घ मुदतीचे कर्ज काढू नये. आणखी एक इशारा येथेच द्यावयास हवा. टॉवर बसवून देतो असे सांगून नोंदणी शुल्क, कर किंवा अनामत मागणारे भामटे अजून फिरत आहेत. दूरसंचार विभाग किंवा दूरसंचार नियामक प्राधिकरण यांपैकी कोणीही जागा देणाऱ्याकडून असे पैसे घेत नाही, हे त्यांनी वेळोवेळी जाहीर केले आहे. भाडे जागामालकाने घ्यावयाचे असते. पैसे भरून मिळणारा टॉवर ही फसवणूकच समजावी.

दुसरी गोष्ट शासनाने करावयाची आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी शासनाने आदर्श उपविधी तयार करून दिले. त्याच धर्तीवर टॉवरच्या जागेसाठी मराठीतील आदर्श करारनामा का असू नये? त्यात चार गोष्टी अवश्य असाव्यात. करार संपविण्याचा अधिकार दोन्ही पक्षांना सारखा असावा. करार दुसऱ्या कंपनीकडे गेला तर तिचे नाव आणि पत्ता मालकाला लेखी कळविणे बंधनकारक असावे. टॉवर उतरविण्याचा खर्च आणि काही महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आरंभीच बँकेत ठेवले जावे आणि ते दिवाळखोरीच्या कचाट्यात सापडणार नाही, अशी व्यवस्था व्हावी. आणि यंत्रे बंद पडून ठराविक काळ लोटला, तर तहसीलदारांसमक्ष पंचनामा करून टॉवर उतरविण्याची मुभा मालकाला असावी. यांपैकी काही बाबी केंद्राच्या अखत्यारीत येतात, हे खरे. पण राज्याने मागणीच केली नाही तर केंद्र आपण होऊन ती पुरवील, अशी अपेक्षा कशी करावी?

तिसरी गोष्ट या भागाला नवी नाही. एकटा केळी उत्पादक व्यापाऱ्यापुढे हतबल होता, तेव्हा रावेर-यावल पट्ट्यातील शेतकऱ्यांनी फ्रूट सेल सोसायट्या काढल्या, रेल्वेच्या वाघिणी मिळविल्या आणि सावद्याचा माल दिल्लीच्या बाजारात पोचविला. गच्चीचा मालक आज तसाच एकटा आहे. शेजारच्या गल्लीतील मालकाला भाडे किती मिळते, हेही त्याला ठाऊक नसते; आणि कंपनीचा प्रतिनिधी प्रत्येकाला, शेजाऱ्याने संमती दिली आहे, असे सांगून कमी भाड्याच्या कागदावर सही घेऊ शकतो. एका तालुक्यातील जागामालक एकत्र आले, त्यांनी आपापले करार एकमेकांना दाखविले आणि एका वकिलाचा खर्च वाटून घेतला, तरी निम्मी लढाई जिंकल्यासारखे होईल.

१९३६ मध्ये फैजपूरला जमलेल्या लोकांनी कुळाची बाजू घेतली, कारण त्या वेळी कूळ दुबळे होते. आज या एका व्यवहारात दुबळा पक्ष मालक आहे. कायद्याला 'मालक' या शब्दाची भुरळ पडू नये, आणि राज्यकर्त्यांनी नुसते सातबाऱ्यावरचे नाव पाहून कोण सबळ आणि कोण दुर्बल हे ठरवू नये. आदर्श करारनाम्याचा मसुदा विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात चर्चेला आला, तरी पुरेसा आरंभ होईल. ती मागणी करण्याचा पहिला मान फैजपूरने घ्यावा. आपल्या इतिहासाशी ते सुसंगत होईल.